पेत्रोनाचा अंगठा

ग्वातेमालाच्या डोंगरातल्या आमच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाला आम्ही दोनच नर्स, म्हणून परदेशी विद्यार्थी मदतीला आले की मोठे डॉक्टर खूश. यंदाची फ्रेया डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला बाळंतपण स्वतःच्या हातांनी करायचं होतं. त्यासाठी कळा देणाऱ्या पेत्रोनाची संमती हवी, म्हणून मी तिच्या अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड घेऊन खाटेशी गेले.

"सिस्टर, हिनं आजवर किती बाळंतपणं केलीत?" कळ ओसरल्यावर पेत्रोनानं आमच्या किचे बोलीत विचारलं.

"एकही नाही. तिच्या देशात शिकणाऱ्यांना हात लावू देत नाहीत."

"मग इथं बरा लावू देता? आमचं अंग काय पाटी आहे गिरवायला?" तिनं अंगठा मुठीत दाबला. "माझं हे सहावं. तुम्हीच करा. तिला म्हणावं, माझा हात धर आणि नीट बघ."

मी फ्रेयाला शब्द न शब्द सांगितला. ती लाल झाली, पण बाळ होईपर्यंत हात धरून उभी राहिली.

संध्याकाळी पेत्रोना मक्याचं आतोल पीत होती, तेव्हा फ्रेया कॉलेजचा कागद घेऊन आली. 'स्वतः केलेली बाळंतपणं' यापुढे तिनं शून्य लिहिलं होतं. खाली सही हवी होती. मी पेन काढलं.

"तुमची नको," फ्रेया म्हणाली. "स्टॅम्पपॅड आणा."

"काय लिहिलंय ते आधी वाचा," पेत्रोना गुरकावली.

 

"'शिकवणारी'," सहीच्या रेघेखालचं मी वाचलं, आणि सकाळी मुठीत दाबलेला अंगठा तिनं आपणहून शाईत बुडवला.