शून्य सेकंद

अकराव्या लग्नाचा व्हिडिओ संपला आणि भाविकाने तक्त्यात पुन्हा शून्य लिहिलं.

"अकरा लग्नं मिळून डीजे सव्वाचार तास," तिने वर्गातल्या स्वानंदला वाचून दाखवलं. "ड्रोन एक तास. नवऱ्याच्या काकांचा गॉगल नऊ मिनिटं. चंद्रावती आजीचा आवाज, शून्य सेकंद."

"गॉगलपण मोजलास?"

तिने सगळंच मोजलं होतं. मनिषा मॅडमनी शिबिरात तेच शिकवलं होतं. पेपर, जाहिरात, मालिका, काहीही बघा, पण आधी मोजा. बाई किती वेळ दिसते, किती वेळ बोलते, ते लिहा. मग विचारा, का? पनवेलच्या शाळांमधली चाळीस मुलं त्या तीन दिवसांच्या शिबिराला होती आणि त्यानंतर महिन्याभराने लघुपटांची स्पर्धा होती. विषय होता, माध्यमांतून गायब झालेली बाई.

भाविकाला ती शोधायला लांब जावं लागलं नाही. उलव्याजवळच्या तिच्या गावात चंद्रावतीशिवाय लग्नाचं पानही हलत नसे. ती धवलारीण. मांडवात तांदळाच्या पिठाने चौक मांडायचा आणि हळदीपासून नवरी निघेपर्यंत धवले गायचे, हा आगरी लग्नातला मान तिचा. धवले कुठल्याच वहीत लिहिलेले नव्हते, सगळे तिच्या गळ्यात. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला ते शेवटपर्यंत येत नसत. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लग्नसराईत मिळेल त्यावर तिचं वर्ष निघायचं.

आणि व्हिडिओत ती नव्हतीच. हळद लावणारे हात दिसायचे. तिने तोंड उघडलं की चित्र बदलायचं आणि वरून सिनेमाचं गाणं सुरू व्हायचं.

गावातली सगळी शूटिंगं धर्मराजची. त्याचा स्टुडिओ पळस्पे फाट्यावर होता. कहर म्हणजे चंद्रावती त्याची सख्खी मावशी.

दोघं शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे धडकले. भाविकाने तक्ता त्याच्यासमोर ठेवला. धर्मराजने तो नीट वाचला, गॉगलपाशी हसला, शून्यापाशी थांबला.

"धर्मराजदादा, मावशीला कापताना काही वाटत नाही?"

"आमचं तसं ठरलंय."

"कोणाकोणाचं?"

"तुमच्या तक्त्यात ते बसायचं नाय," तो म्हणाला आणि दोघांना थंड मागवायला निघाला. भाविका थंड न पिताच उठली. स्वानंद पिऊन आला.

मग ती चंद्रावतीकडे गेली. म्हातारी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. भाविकाने स्पर्धेचं सांगितलं, आजी, तुला मोठ्या पडद्यावर दाखवणार, असं म्हणाली. चंद्रावतीने आधी शाळेची चौकशी केली, मग तिच्या आईच्या गुडघ्यांची. मोबाइल वर झालेला दिसताच तिचा हात आडवा आला.

"मना नको घेव त्यान. नवरीची काढ."

"पण का, आजी?"

"नवरी सोभून दिसते," ती म्हणाली आणि परत सुकटात बघायला लागली.

भाविकाला मॅडमचं बोलणं आठवलं. बायकांना मागे राहायची इतकी सवय लावलेली असते, की पुढे बोलावलं तरी त्या येत नाहीत. तसंच होतं हे. मांडवातही समोर मोबाइल दिसला की चंद्रावती गाणं थांबवायची, आणि सगळे म्हणायचे, आजी लाजते. लाजते काय? लाजवलंय तिला, आणि ते आपण मोडून काढायचं, असं भाविकाने ठरवूनच टाकलं.

पुढच्याच आठवड्यात तिच्या चुलत बहिणीचं, रियाचं, लग्न होतं. भाविकाने मोबाइल झेंडूच्या टोपलीत ठेवला, फुलांतून फक्त कॅमेऱ्याचा डोळा वर. चंद्रावती चौकापाशी बसली आणि मोकळी होऊन गायली. पहिल्या धवल्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही शब्द न गाळता.

संपादन स्वानंदने केलं. रेकॉर्डिंग ऐकताना तो मध्येच थांबला.

"तू विचारलंयस ना तिला?"

"नंबर आल्यावर सांगू. सरप्राइज."

नंबर आला, पहिला. पडद्यावर आधी अकरा शून्यं एकाखाली एक आली आणि मग काळोखातून तो आवाज. हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. परीक्षक म्हणाले, हा ठेवा जपला पाहिजे. मनिषा मॅडमनी डोळे पुसले, आणि लघुपटाबरोबर अख्खं रेकॉर्डिंगही इंटरनेटवर टाकलं. आठ दिवसांत ते उलव्यापासून उरणपर्यंत प्रत्येक ग्रुपवर फिरलं. शून्य सेकंदांच्या जागी आता चाळीस हजार व्ह्यूज झाले होते. भाविका तो आकडा दिवसातून दहादा बघायची.

चंद्रावती त्या दिवसांत बहिणीकडे अलिबागला गेली होती. त्यामुळे ट्रॉफी भाविकाच्याच कपाटात राहिली. रविवारी गावात परेशची हळद होती. आजी तिथे असणारच. सगळ्यांसमोर ट्रॉफी तिच्या हातात द्यायची, असं ठरवून भाविका पिवळी साडी नेसून निघाली. आईची साडी, तीन पिना.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. आजी आज काय खुलून गात होती. इतक्या लांबून शब्दन् शब्द कळत होता. भाविका बायकांच्या गर्दीतून वाट काढत मांडवात शिरली.

चौक वाकडातिकडा कुणीतरी काढला होता. त्याच्यापुढच्या पाटावर एक स्पीकर ठेवला होता, आणि त्याला जोडलेला मोबाइल.

परेशची आई लगबगीने पुढे आली. तिने हळदीच्या हातांनी भाविकाचे गाल धरले.

"तुज्यामुलं लय बरा झाला गो बाय," ती म्हणाली. "आता धवलारनीला बोलवाला नको."