मागलं टोक

धरणगावात बैलगाड्या घडवणाऱ्या रुपचंद मिस्तरींचा मुलगा भटू फौजेतून सुटीवर आला, तेव्हा त्याने बर्फातला आपला फोटो दाखवला. पायांत लांब फळ्या होत्या, स्की म्हणतात त्या. पुढचं टोक वर वळलेलं असलं की त्या बर्फात रुतत नाहीत, हेही त्याने सांगितलं.

त्याच्या वडिलांनी, नानांनी, फोटो निरखला आणि ते आपल्या दुकानात गेले. सुटी संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाभळीच्या तशाच फळ्यांची एक जोडी आणून भटूपुढे ठेवली. वाफेवर वाकवलेली, तेल पाजलेली, घरातल्या कापसाच्या ढिगावर घसरवून पाहिलेली.

भटूला हसू आवरेना. "नाना, तुम्हीन तं दोन्ही टोकं वळाई दिन्हात! तठे फक्त पुढे जानं रहास. मांगे येवानं कामच पडत नही."

त्याच्या ट्रंकेत लाडवांचा डबा ठेवणाऱ्या आईचा हात तिथेच थांबला.

नाना फळीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुढलं टोक सरकारसाठे शे, भाऊ. मांगलं तुनी मायसाठे."