एकेक घर सरकून
सासूबाईंचा गोगलगाईंवरचा प्रबंध चारच्या आत विद्यापीठात पोचायचा होता, आणि ऐनवेळी सुनेने कपाळाला हात लावला. “अहो आई, ‘अंड्यांसाठी परिच्छेद बारा पाहा’ म्हणताय, आणि बाराव्यात गोगलगाई मरताहेत! सगळेच संदर्भ एकाने चुकलेत.” सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. “मी आपला एकच परिच्छेद घातला गं, सुरुवातीला.” त्या एकामुळे पुढचे परिच्छेद आपोआप सरकले होते, संदर्भ मात्र जुनेच आकडे धरून बसले होते. सुनेने पहिला परिच्छेद वाचला: ‘गोगलगाईंचा वेग मी मोजला, माझा वेग मात्र सुनेने सोसला.’ “पुसून टाक तो. आकडे जुळतील,” सासूबाई पुटपुटल्या. “हात तर लावून बघा!” म्हणत तिने सगळा मजकूर निवडून संदर्भांचे आकडे नव्याने जुळवणारी कळ दाबली. भरल्या बाकावर माणसं सरकावीत तसे आकडे एकेक घर सरकले आणि सुनेला ऐसपैस जागा झाली.