एकमताने मंजूर

ताईच्या ऑफिसातल्या मीटिंगा वेळेत संपत, म्हणून घरची मीटिंगही तिनेच घेतली. विषय एकच: बाबा गेल्यापासून अंगणात उभी असलेली त्यांची स्कूटर. "आठवणी नकोत, रडारड नको, मुद्द्याचं बोला," तिने भावंडांना बजावलं.

"नुसतं भंगार आहे, विकून टाका," दादा म्हणाला. "किक मारमारून बाबांचे गुडघे गेले, काढा ती ब्याद," धाकटीने री ओढली. चहा निवायच्या आत ठराव एकमताने मंजूर झाला. रोज सकाळी ती स्कूटर पुसणाऱ्या आईला कुणी काही विचारलंच नाही.

रविवारी अंगणात तीन गिऱ्हाइकांची जुंपली. एकाने हेल्मेट न काढताच हँडल धरलं, दुसऱ्याने सीटवरच बैठक मारली, तिसरा "दुप्पट देतो, पण मलाच द्या" म्हणत हातघाईवर आला. आई गॅलरीतून वाकून बघत होती.



"जावईबापू, धाकटीने पाठवलं ना? ते हेल्मेट काढा, ओळखलं मी," ती वरूनच म्हणाली, "आणि दादाच्या मित्राला अन् ताईच्या ड्रायव्हरला घेऊन वर चहाला या."