नंदीबैलाचं मत

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण या गिरणीला परवानगी मिळाली ती नंदीबैलाच्या मतावर!" मिशीवरचं पीठ झटकत लिंबाजीआबा म्हणाले. आता घरोघरी छोट्या चक्क्या आल्यामुळं दळण घेऊन दोघीच बसल्या होत्या, पण आबांना तेवढ्यावरही रंग चढायचा.

त्यांच्या डोळ्यांपुढं ती ग्रामसभा उभी राहिली. शेताचा तुकडा विकून त्यांनी गिरणीसाठी आणलेलं इंजिन दारात गंजत होतं आणि सरपंच बजावत होते, "गिरणी आली की बायका आळशी होतील. जातं काय वाईट आहे?" ठराव एका हातासाठी अडला होता.

"तेवढ्यात नंदीबैल आत शिरला की हो! मान हलवली नाही, सरळ पुढचा पाय वर केला. सरपंचांनी मुकाट्यानं ते मत मोजलं."

आबांच्या बायकोनं, गयाबाईंनी, हातातलं सूप खाली ठेवलं.

"अहो, किती खोटं बोलाल! बैल कुठला? बायकांच्या घोळक्यातून हात मी वर केला होता, सरपंच असलेल्या माझ्या बापाच्या डोळ्यांदेखत! आणि तेव्हा तुम्हाला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं."