खोकल्याची जागा

"काका, तुम्ही माझा हात बघून बटण दाबताय," श्रवणतज्ज्ञ मुलगी म्हणाली. हेडफोन काढल्याखेरीज त्यांना ते ऐकू जाणार नव्हते, म्हणून तिने तो आधी काढला होता आणि वाक्य बऱ्यापैकी मोठ्याने उच्चारले होते.

"बघू नका, असं तुम्ही सांगितलं नव्हतं," निवृत्त प्राध्यापक म्हणाले. त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले होते. सदोष प्रयोग दिसला की त्यांना राहवत नसे. समोरच्या काचेत तिची बोटे यंत्रावर हललेली दिसत. आवाज ऐकू आला की दाबायचे बटण ते बोटे हलली की दाबत. निकाल निर्दोष आला होता आणि त्याचा कानांशी काही संबंध नव्हता.

"तोंडी परीक्षेतही परीक्षकांचा चेहरा वाचूनच उत्तरं द्यायचे हे," मागच्या खुर्चीवरून त्यांची पत्नी म्हणाली. कॉलेजात ती त्यांच्याच वर्गात शिकत होती. टोमणा नेहमीच्या आवाजात मारला होता. प्राध्यापकांपर्यंत तो पोहोचला नाही.

"काकू, घरी कसं असतं?"

"ओरडून सांगता येतं तेवढंच सांगते. जेवायला चला, गॅस बंद करा, दार वाजतंय. हळू बोलायच्या गोष्टी बंदच झाल्यात." ती म्हणाली. "आणि संसारात त्याच जास्त असतात, बाई. पण कानाला यंत्र म्हटलं की यांचं एकच, मला सगळं ऐकू येतं."

मुलीने काकांची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि अगदी तोंडपाठ असलेल्या एखाद्या गाण्याचे नाव मोठ्याने विचारले. त्यांनी विचार न करता सांगितले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते गाणे गाजत होते.

"गाणं टुकार आहे," त्यांनी बजावले. "त्यातला प्रियकर तारे तोडून आणायला निघतो. तापमानाची चौकशी न करता."

"रोज म्हणायचात!" पत्नी मोठ्याने म्हणाली.

"टुकारपणा सिद्ध करायचा तर पुरेसे नमुने नकोत?"

स्पीकरवर गाणे सुरू झाले. प्राध्यापकांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरला. पहिल्या कडव्यात मुलीने आवाज थोडा उतरवला, मग आणखी थोडा. ठेका चुकला नाही. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तिने गाणे बंद केले.

प्राध्यापकांचे बोट चालूच होते. ओठ हलत होते. एका ठिकाणी बोट हवेतच थबकले, चेहऱ्यावर हसू उमटले, आणि बोट पुन्हा नेमके समेवर उतरले. शेवटच्या ओळीला त्यांनी मानही डोलावली. पत्नी पदराचे टोक बोटाला गुंडाळत पाहत राहिली.

"झालं," डोळे उघडून ते म्हणाले. "स्वच्छ ऐकू आलं. फक्त खोकला नव्हता. रेकॉर्डिंग नवं दिसतंय."

"कसला खोकला?" मुलीने मोठ्याने विचारले.

"दुसऱ्या कडव्यानंतरचा. आम्ही ते रेडिओवरून टेप केलं होतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. हिला नेमका तेव्हाच खोकला आला. दाबला, पण टेपवर आलाच. वर्गात टेप एकच. मग सगळे ते गाणं खोकल्यासकट म्हणायला लागले. स्नेहसंमेलनातसुद्धा."

"मी आठवडाभर कॉलेजात तोंड दाखवलं नव्हतं," पत्नी म्हणाली.

मुलीने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. "काका, गाणं मी दुसऱ्या कडव्याआधीच बंद केलं होतं."

प्राध्यापकांनी पत्नीकडे पाहिले. तिने मान हलवली. मग ते बंद स्पीकरकडे वळले. उपकरण बंद केल्यावरही जे बदलत नाही, त्याला निरीक्षण म्हणू नये, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना घोकायला लावले होते.

"म्हणजे घरीसुद्धा मी..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "हिचं बोलणंही मी असंच ऐकत असणार. पाठ असलेलं."

पत्नीने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"लावा यंत्र," ते म्हणाले.

मुलीने यंत्र त्यांच्या कानामागे बसवले, जुळवले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले, या वेळी बेताच्या आवाजात. पहिल्याच ओळीला त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"मागे काहीतरी बारीक किणकिणतंय."

"ते गाण्यातच आहे, काका."

"हे मला आठवत नव्हतं," ते म्हणाले. स्वतःच्या स्मरणशक्तीविरुद्धची ती तक्रार होती, पण स्वर तक्रारीचा नव्हता. त्यांनी डोळे मिटले. बोट ठेक्यावर चालू लागले.

दुसरे कडवे संपत आले. प्राध्यापकांचे बोट सवयीने हवेत थबकले. त्याच क्षणी मागच्या खुर्चीवर पत्नीने तोंडावर हात धरला आणि ती खोकली. अगदी हळू, दाबून, श्वास रोखून बसलेल्या खोलीत खोकावे तशी.

बोट खाली आलेच नाही.

"हे आपलं रेकॉर्डिंग," ते डोळे न उघडता म्हणाले.

ती उठली, त्यांच्या खांद्याशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. काय, ते श्रवणतज्ज्ञ मुलीला ऐकू आले नाही. प्राध्यापक खो खो हसले.