बोटभर हिम

"याला हात कुणी लावला?" येप्पेने विचारलं.

"मी," म्हणत आविआक कुत्र्यांना सुके मासे टाकत राहिली.

उत्तरेतल्या या गोठलेल्या खाडीवर संशोधनासाठी आलेल्या येप्पेने दोन चौकोन आखले होते. बर्फाच्या लादीच्या पोटाला, पाण्याच्या बाजूने, शैवालाचा तपकिरी थर धरतो. लादीवरचं हिम त्याच्यावर पांघरुणासारखं असतं. एकदम ऊन मिळालं तर त्या शैवालाचं काय होतं, हे त्याला पाहायचं होतं. पहिल्या चौकोनावरचं हिम त्याने एका सकाळीत फावड्याने उपसलं. दुसऱ्याला हात लावायचा नव्हता, म्हणून तो तिकडे फिरकलाही नव्हता. बाराव्या दिवशी पहिल्याखालचा थर फिकट पडून गळून गेलेला निघाला. शैवाल वाढत्या उजेडात तगत नाही, एवढं लिहून तो परतणार होता.

आणि आज दुसरा चौकोनही उघडाबोडका दिसत होता.

"आविआक, तीन वर्षांच्या कामाची तुम्ही वाट लावलीत. उद्यापासून येऊ नका."

साठी उलटलेली ही बाई तीन वसंत त्याची कुत्र्यांची गाडी हाकत होती. त्याच्या सामानाला तिने कधी बोट लावलं नव्हतं.

"नाही येत. पण जाण्याआधी या दुसऱ्या चौकोनात भोक पाड."

"कशाला?"

"पाड तर खरं."

त्याने गिरमिट चालवलं. बर्फाचा दंडगोल वर आला. त्याचं खालचं टोक तपकिरी होतं, कोऱ्या चहासारखं. येप्पेने ते उन्हात धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं.

"हिम काढलंत कधी?"

"रोज. तू जेवायला बसलास की बोटभर. काल संपलं."

तो गाडीच्या कडेला टेकून बसला. "हळूहळू काढलं तर तगेल, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठे? मरेल असंही वाटत होतं." तिने थर्मासमधली कॉफी त्याच्या हातात दिली. "सात वर्षांची होते. बोटीत बसवून मला दक्षिणेला नेलं, तुमच्या देशात, शाळेत. ओळखीचं माणूस नाही, एक शब्द कळत नाही. महिन्याभरात परत पाठवलं. पोरगी मंद आहे म्हणाले. मग घरी मासे साफ करता करता तुमच्याकडचा रेडिओ ऐकत बसायचे. दहा वर्षं लागली."

येप्पे कॉफी न पिता तिच्याकडे बघत राहिला. हे सगळं ती त्याच्याच भाषेत सांगत होती, सावकाश, एकही चूक न करता.